चांदबीबीच्या हातातला ससाणा

जुन्या दख्खनी चित्रांत एक बाई पुन्हा पुन्हा भेटते. घोड्यावर स्वार, हातावर ससाणा, सोबत पायी चालणारे चाकर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तिचं असं एक चित्र आहे, साधारण १७०० च्या सुमाराचं. ही आपल्या नगरची चांदबीबी. पण ती मारली गेली १६०० साली, तेव्हा या चित्रकाराने तिला पाहिलं असण्याचा प्रश्नच नाही. नाकडोळे तर त्या काळच्या चित्रांतल्या कुठल्याही बेगमेला शोभतील असे. मग ओळखायची कशावरून? ससाण्यावरून.

ससाणा बाळगणं हा राजेरजवाड्यांचा शौक. पक्षी पोसायचा, डोळ्यांवर टोपी चढवून शांत ठेवायचा, चामड्याच्या हातमोज्यावर बसवायचा आणि शिकारीवर सोडला की परत बोलवायचा. चांदबीबीनेही राज्य चालवलं होतं. विजापूरच्या अली आदिलशाहाचा १५८० साली खून झाला, तेव्हा त्याचा पुतण्या इब्राहिम जेमतेम नऊ वर्षांचा होता. त्याच्या वतीने कारभार पाहिला तो अलीच्या विधवेने, म्हणजे चांदबीबीने. मोठेपणी या इब्राहिमचंही ससाणा घेऊन निघालेलं चित्र काढलं गेलं. ते सेंट पीटर्सबर्गला आहे आणि फारुख बेगच्या हातचं मानतात. पुतण्याचा तोच थाट पुढे चित्रकारांनी चुलतीलाही दिला. जनानखान्यातली नव्हे, राज्य हाकणारी बाई दाखवायची, तर त्यांना एक पक्षी पुरला.

कर्नल मेडोज टेलर या इंग्रज लेखकाने चांदबीबीला कादंबरीची नायिका केलं. ‘अ नोबल क्वीन’ ही त्याची कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ साली आली. कादंबरीकाराला आणि नगरकरांना आठवते ती वेढ्यातली चांदबीबी. डिसेंबर १५९५ मध्ये शाहजादा मुराद मोगल फौज घेऊन तिच्या माहेरच्या नगरवर चालून आला. सुरुंग उडून तटाला खिंडार पडलं, तेव्हा तोंडावर पडदा आणि हातात तलवार घेऊन ती तिथे उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला. तोफगोळे संपल्यावर सोन्याचांदीची नाणी डागली, असंही सांगतात. पुढच्या वर्षी वऱ्हाड देऊन तह झाला. चित्र काढणाऱ्याला मालमसाला हवा तर इथे रेलचेल आहे: पडदा, तलवार, खिंडार, नाणी. गंमत अशी, की त्या शिकारीच्या चित्रांत यातलं काहीच नसतं.

खुणा देता येतात तशा पुसताही येतात. चांदबीबीची आई खुंझा हुमायून, म्हणजे नगरच्या निजामशाहाची राणी. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची सचित्र पोथी आहे. आफताबी कवीने हुसेन निजामशाहाच्या गौरवासाठी ती रचली. तिच्यात राजाच्या शेजारी ही राणी मोठ्या मानाने काढली होती. पुढे बहुतेक ठिकाणी तिची आकृती पुसून टाकली गेली. मुलाने, मुर्तझाने, तिला सत्तेवरून काढून कैदेत टाकल्यानंतर हे झालं असावं, असं अभ्यासक मानतात. मला ही झाकपाक त्या पोथीतल्या सगळ्या नक्षीपेक्षा बोलकी वाटते.

एका खुणेने बाकीचं झाकलं जातं, तेही आहेच. चांदबीबीच्या नगर जिल्ह्यातल्याच, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाई होळकर. आता जिल्ह्याला नावही त्यांचंच. त्यांचं चित्र शेंबडं पोरही ओळखेल: पांढरी साडी, डोईवर पदर, तळहातावर शिवपिंड. चेहरा चित्रकारागणिक बदलतो, पिंड बदलत नाही. अहिल्याबाईंची भक्ती खरीच होती, तक्रार तिच्याबद्दल नाही. पण त्या पिंडीने बाकीचं सगळं झाकून टाकलं. १७६५ साली मल्हाररावांनी याच सुनेला तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याबद्दल पत्र धाडलं होतं. सासरा सुनेला दारूगोळ्याचं काम सांगतो आहे! त्यांच्यावरची पुढची कादंबरी कुणी लिहील, तेव्हा मुखपृष्ठावर एखादी तोफ काढून पाहायला हरकत नाही.