पांढऱ्या फळीवरची अक्षरे

आमच्या घरी आकाशकंदील विकत आणायची पद्धत नव्हती. वडील नवरात्रातच कामट्या तासायला घेत. आधी दोऱ्याने सांगाडा बांधून होई, मग खळ लावून त्यावर पतंगाचा कागद चढे. आत दिवा लागला की कागदावर कामट्यांच्या काळ्या रेघा उमटत. त्या कुणी शोभेसाठी काढलेल्या नसत. कंदील उभा राहायचा तर त्या तिथे असणे भागच होते. पुढे चित्रकलेची शिक्षिका झाले आणि फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या खिडक्यांची छायाचित्रे हाती आली. सगळे ज्याच्यासाठी तिथे जातात त्या निळ्या रंगाआधी माझी नजर गेली ती काचांमधल्या काळ्या रेघांवर. तेव्हापासून मी या रेघांच्या मागे आहे.

शाळांत ‘स्टेन्ड ग्लास’ शिकवतात तो साधारण असा: पारदर्शक प्लास्टिकखाली छापील मोर ठेवायचा, नळीतल्या काळ्या रंगाने तो गिरवायचा, आत काचरंग भरायचे. पाऊण तासात मोर तयार होतो. मीही बरीच वर्षे तेच करवून घेतले आणि आज त्याची मला खंत वाटते. त्यातून मूल एवढेच शिकते की रेघ म्हणजे आकाराची हद्द. मध्ययुगातल्या कारागिराची रेघ हा दोन काचांमधला सांधा होता, दोन्ही बाजूंना खाच असलेली शिशाची पट्टी. काच कागदासारखी हवी तशी कापली जात नाही. आत शिरणारा कोन कापायला गेले की ती तडकते. म्हणून चित्राचे तुकडे कुठे पाडायचे, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असे. मोर त्यानंतर.

हे मला शिकवले बाराव्या शतकातल्या एका भिक्षूने. थिओफिलस हे त्याने स्वतःसाठी घेतलेले ग्रीक नाव. व्हिएन्नातल्या एका जुन्या हस्तलिखितात त्याचे दुसरे नाव रुगेरस असे नोंदले आहे. त्यावरून जर्मनीतल्या हेल्मार्सहाउझेन मठातला धातुकारागीर रॉजर तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याने लॅटिनमध्ये लिहिलेल्या ग्रंथाचे तीन भाग आहेत: चित्रकला, काच आणि धातुकाम. वाचणाऱ्याला तो मुलगा मानून बोलतो. जे आपल्याला मिळाले ते लपवून ठेवू नये, हा त्याचा आग्रह आहे. कारागिरीची गुपिते घराबाहेर जाऊ न देण्याच्या काळात हा माणूस भट्टी कशी बांधायची इथपासून सगळे उघड सांगतो.

काचेसाठी तो बीचच्या लाकडाची राख दोन भाग आणि धुतलेली वाळू एक भाग घ्यायला सांगतो. मग येतो मला सर्वांत आवडणारा भाग. भांड्यातला काचरस आपोआप कातडीच्या रंगाकडे झुकला, तर त्यातून माणसांच्या चेहऱ्यांसाठी काच करून घ्यावी. उरलेला रस आणखी दोन तास तापवला की फिकट जांभळा मिळतो, त्याहून जास्त तापवला की तांबूस जांभळा. रंग घालायचा नाही, वाट पाहायची. आज आपण म्हणू की ही राखेतल्या मँगनीजची करामत. त्याला मँगनीज हा शब्द माहीत नव्हता, पण भट्टीपुढे बसून त्याने तास मोजले होते.

खिडकीची आखणी तो अशी सांगतो. एक सपाट लाकडी फळी घ्यावी, तिच्यावर खडू किसावा, पाणी शिंपडून फडक्याने सारवावा. फळी वाळली की शिशाच्या किंवा कथलाच्या तुकड्याने खिडकी खऱ्या मापात काढावी. कोणत्या जागी कोणता रंग, ते अक्षराने लिहावे. काचेचा तुकडा फळीवर ठेवून खालची रेघ वर उतरवावी, तापलेल्या लोखंडाने तो कापावा, कडा टोकरून नीट कराव्यात. त्यावर लावायचा रंग एकच, काळपट: जाळलेल्या तांब्याची आणि काचेची पूड, दारूत किंवा मूत्रात घोटलेली. हा रंग प्रकाश अडवायला असतो. बाकीचे रंग काचेतच असतात. ओल्या रंगातून कुंचल्याच्या दांड्याने ओरखडून अक्षरे उजळायची, तुकडे भट्टीत भाजायचे, शिशात बसवायचे आणि सांध्यांना डाक द्यायचा.

असा ग्रंथ शतकानुशतके जवळजवळ न वाचलेला पडून होता, आणि तो वर आला तोही भलत्याच भांडणात. इटालियन चरित्रकार व्हासारीने १५५० मध्ये तैलरंगाच्या शोधाचे श्रेय फ्लेमिश चित्रकार यान व्हान आइकला दिले होते. वोल्फेनब्युटलच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल, जर्मन नाटककार लेसिंग, याला तिथल्या हस्तलिखितात दिसले की थिओफिलस जवसाच्या तेलात रंग घोटायला सांगतो आहे, तेही व्हान आइकच्या तीनशे वर्षे आधी. १७७४ मध्ये लेसिंगने त्यावर पुस्तिका काढली. १७८१ मध्ये इंग्लंडमध्ये रुडॉल्फ एरिक रास्पे याने थिओफिलसचा मजकूर छापून त्याच वादात उडी घेतली. जर्मनीतल्या कासेलच्या संस्थानिकाच्या संग्रहातल्या चोरीचा आळ आल्यावर पळून आलेला हा गृहस्थ. बॅरन मुंचहाउसेनच्या अचाट गोष्टी पुढे त्यानेच लिहिल्या. दोघांनाही हवे होते ते तेल. काचेचा भाग त्या वादाच्या कामाचा नव्हता. या ग्रंथाकडे कारागिराच्या नजरेने पाहणारे भाषांतर मला १९६३ मधले वाटते. जॉन हॉथॉर्नबरोबर ते करणारा सिरिल स्टॅन्ली स्मिथ धातुशास्त्रज्ञ होता, दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात काम केलेला. राख आणि शिसे म्हणजे काय, हे त्याच्या हातांना माहीत होते.

तरीही एक शंका उरत होती. खडूची फळी खरोखर वापरात होती, की ती मठात बसून लिहिलेली गोष्ट? फळी पुसून पुन्हा सारवायची असते, मग ती मागे उरणार कशी? उत्तर स्पेनमधल्या जिरोना शहरात होते. तिथल्या कॅथेड्रलच्या चौदाव्या शतकातल्या अशा फळ्या गेल्या शतकात उजेडात आल्या. जोआन विला-ग्राउ यांनी त्या ओळखल्या. ते स्वतः चित्रकार आणि काचकार होते, आणि मला हे महत्त्वाचे वाटते. पांढऱ्या थरावर खिडकीची आखणी, रंगांच्या खुणा, तुकडे जागी धरण्यासाठी ठोकलेल्या खिळ्यांची भोके, सारे तिथे होते. आज त्या फळ्या जिरोनाच्या कलासंग्रहालयात आहेत.

त्या फळीचे छायाचित्र पाहिल्यावर मी वर्ग बदलला. शिसे विषारी आणि काच धारदार, म्हणून शिशाऐवजी काळा कार्डपेपर आणि काचेऐवजी जिलेटीनचा कागद. क्रम मात्र थिओफिलसचा. प्लायवूडच्या तुकड्यावर मुले ओला खडू घासतात. नियम दोनच: तळहाताहून मोठा तुकडा नको आणि आत शिरणारा कोन नको.

दिवाळीच्या सुमारास मुले हमखास चांदणी काढतात, आणि खरी शिकवणी तिथेच सुरू होते. पाच टोकांच्या चांदणीला आत शिरणारे पाच कोपरे असतात, म्हणून ती सलग कापता येत नाही. मध्ये एक पंचकोन आणि भोवती पाच त्रिकोण असे तिचे सहा तुकडे होतात. मुले हे पटकन शोधतात. मग कुणीतरी म्हणते, “बाई, आता आकाश अडलं!” चांदणीच्या प्रत्येक टोकाशी आकाशालाही आत शिरणारा कोन पडलेला असतो. प्रत्येक टोकापासून चौकटीपर्यंत रेघ न्यावी लागते, आकाशाचे पाच तुकडे होतात, आणि चांदणीतून किरण फुटल्यासारखे दिसतात. किरण काढा असे मी कधीच सांगत नाही. ते सांध्यांतून येतात. यानंतर शार्त्रचे छायाचित्र दाखवले की मुले संतांची नावे विचारत नाहीत. पार्श्वभूमी कुठे तोडली आहे ते बोट ठेवून दाखवतात.

चेहऱ्यांसाठी काळ्या पोस्टर कलरमध्ये भांडी घासायच्या साबणाचा थेंब घालतो, म्हणजे तो जिलेटीनवर धरतो. वाळला की टूथपिकने ओरखडून डोळ्यांत उजेड आणायचा. शेवटी सांध्यांवर काळ्या पट्ट्या चिकटवायच्या.

गेल्या वर्षी मुले खिडक्या घरी घेऊन गेली आणि फळ्या धुवायच्या राहिल्या. आठवड्याने नव्या तुकडीतल्या एका मुलीने त्यातली एक उचलली. तिने ती खिडकी पाहिलेली नव्हती. खडूवरच्या पुसट पेन्सिलीवर बोट फिरवत ती वाचू लागली: “पि, पि, नि, नि, ता…” मग म्हणाली, “चांदणी पिवळी होती. आणि आकाश सगळं निळं नव्हतं, एका कोपऱ्यात तांबडं होतं.” मी ती फळी धुऊ दिली नाही.