आरा मशीनचे बेल्ट: बदलायचे तर सगळे
उदगीरची डाळमिल असो की लाकडाची आरा मशीन, मोटारीची ताकद पुढं पोचवतो तो व्ही-बेल्ट. बाभळीचा ओंडका लावला की पातं अडखळतंय, जळक्या रबराचा वास येतोय? मग पात्याला धार लावण्याआधी बेल्ट बघा. चांगला बेल्ट पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंना पकड घेतो; झिजला की खाली तळाला टेकतो आणि घसरतो. खाचेचा तळ चकाकतोय? तेच झालंय.

नंबर जुन्या बेल्टवरच असतो. बी-५२ म्हणजे बी सेक्शन, वरची रुंदी १७ मिमी, आतला घेर ५२ इंच. पुलीवर तीन बेल्ट असतील तर तिन्ही बदला. एकच नवा घातला की जास्तीचा भार त्याच्यावर येतो. इथं काटकसर महागात पडते, राव!

मेन स्विच बंद, फ्यूज बाहेर. मोटारीचे बोल्ट सैल करून ती पुढं सरकवा. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटून बेल्ट चढवू नका, आतले धागे तुटतात. पुल्या सुतळी धरून एका रेषेत घ्या. पुल्यांत दोन फूट अंतर असेल तर बेल्ट मधोमध साधारण १० मिमी दबला पाहिजे. थोडा वेळ चालवून पुन्हा ताणा. नवा बेल्ट सैलावतोच.