बांधावरचा शिकारी : उड्या मारणारा कोळी

पडवीच्या भिंतीवर, वालाच्या पानावर किंवा भाताच्या चुडावर बसलेला लहानसा करडा कोळी आपण पुष्कळदा पाहिला असेल. जवळ बोट नेले की तो वळून आपल्याकडे बघतो आणि टुणकन उडी मारतो. हाच उड्या मारणारा कोळी. भक्ष्य धरण्यासाठी तो जाळे विणत नाही. मांजरासारखा दबा धरून झडप घालतो.

कल्याण परिसरातील नवी जात

या कुळातील सहा हजारांहून अधिक जाती जगात ज्ञात आहेत. त्यांत 2021 साली ठाणे-कल्याण परिसरातील एका जातीची भर पडली. ध्रुव प्रजापती, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार व राजेश सानप या अभ्यासकांनी तिचे वर्णन एका रशियन शोधपत्रिकेत प्रसिद्ध केले. तिचे नाव 'आयसियस तुकारामी'. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याची बंदूक घट्ट धरून ठेवताना वीरमरण आलेले, सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सुपुत्र तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव दिले आहे.

नवी जात म्हणजे ती त्या वर्षी जन्मली असे नव्हे. ती येथेच होती. ओळख पटली नव्हती. केवळ रंगावरून अशी ओळख पटत नाही. नर व मादीचे जननअवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ज्ञात जातींशी ताडून पाहावे लागतात.

शिकार कशी करतो?

याला आठ डोळे असतात. समोरचे दोन मोठे डोळे भक्ष्य नीट न्याहाळतात, तर बाजूचे डोळे हालचाल टिपतात. शरीरातील द्रवाचा दाब एकाएकी वाढवून तो मागचे पाय ताठ करतो व उडी घेतो. उडीपूर्वी रेशमाचा धागा चिकटवून ठेवतो, म्हणजे नेम चुकला तरी पडत नाही.

आपला फायदा

भातखाचरातील कोळी तुडतुडे, लहान माश्या व पतंग खातात. कोळी एकटा कीड आटोक्यात आणील असे नाही. परंतु तो नसला की कीड लवकर वाढते. विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातील औषधांनी मित्रकीटक व कोळी मरतात आणि तपकिरी तुडतुडे पुन्हा जोमाने उसळतात. औषधाचा खर्च होतो तो वेगळाच.

काय करावे?

1. फवारणीपूर्वी चुडाचा बुंधा हलवून तुडतुडे व कोळी दोन्ही पाहावेत. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच शिफारशीत औषध वापरावे.
2. बांधावरील सर्व गवत एकाच वेळी काढू वा जाळू नये.
3. कोळ्यांना आसरा मिळावा म्हणून खाचरात जागोजागी पेंढ्याच्या जुड्या ठेवाव्यात.
4. घरात दिसलेला हा कोळी मारू नये. माणसाला त्याच्यापासून सहसा धोका नसतो.

कळंबोलीहून कल्याण काही फार लांब नाही. कळंबोलीत जेथे भातखाचरे होती, तेथे आज सिडकोची वसाहत व लोखंड बाजार आहे. पनवेल तालुक्यात जे बांध उरले आहेत, त्यांवर नाव न मिळालेले आणखी किती सोबती असतील कोण जाणे! त्यांची ओळख अभ्यासक करून देतील. तोवर त्यांना जगू देणे आपल्या हाती आहे.