विश्लेषण : १९६८८३ अधिक १… या बेरजेतून गणिताची नवी शाखा कशी उभी राहिली?

बेरीज पहिलीतल्या मुलालाही जमेल अशी आहे : १९६८८३ + १ = १९६८८४. कॅनडातील गणितज्ञ जॉन मॅके यांनी १९७८ मध्ये ती मांडली, तेव्हा अनेकांना तो निव्वळ योगायोग वाटला. कारण डावीकडची संख्या गणिताच्या एका टोकाची होती आणि उजवीकडची अगदी दुसऱ्या टोकाची.

या संख्या आल्या कुठून?

१९६८८३ ही संख्या ‘मॉन्स्टर’ नावाच्या सममिती-गटाची. या गटात इतक्या सममिती आहेत की त्यांची संख्या लिहायला ५४ अंक लागतात. हा गट ठसठशीतपणे दिसण्यासाठी किमान १९६८८३ मितींचा अवकाश लागतो. १९६८८४ मात्र ‘जे-फलन’ या १९व्या शतकापासून माहीत असलेल्या फलनाच्या विस्तारातला सहगुणक. पुढचा सहगुणक २१४९३७६०. तोही मॉन्स्टरच्या संख्यांतून जुळतो : १ + १९६८८३ + २१२९६८७६. एकदा जुळले तर योगायोग म्हणता येईल. पुन्हा पुन्हा जुळले तर कारण शोधावेच लागते. जॉन कॉनवे आणि सायमन नॉर्टन यांनी १९७९ मध्ये या प्रकाराला ‘मूनशाइन’ असे नाव दिले. इंग्रजीत त्याचा एक अर्थ ‘वेड्यासारखी कल्पना’ असाही होतो.

मेदूवड्याचा काय संबंध?

उत्तर भौतिकशास्त्रातून आले. स्ट्रिंग थिअरीत कण म्हणजे ठिपका नसून रबरबँडसारखे इवलेसे वळे असते. हे वळे काळात पुढे सरकले की नळी तयार होते. एका वळ्याची दोन झाली की आकार लेंग्यासारखा दिसतो : वर कंबर, खाली दोन पाय. उलट पाहिले तर दोन वळ्यांचे एक, म्हणजे एक प्रकारचा गुणाकार. अशा पृष्ठभागांना ‘रीमान सरफेस’ म्हणतात, त्यांवरच्या भौतिकीला ‘कन्फॉर्मल फील्ड थिअरी’ आणि त्या गुणाकाराच्या नियमांना ‘व्हर्टेक्स ऑपरेटर अल्जिब्रा’. शाळेतल्या गुणाकाराशी यात एक मोठा फरक आहे. इथे दोन घटक पृष्ठभागावर एकमेकांपासून किती अंतरावर ठेवले, यावर उत्तर बदलते. ते अगदी जवळ आणले की उत्तर अनंताकडे धावू लागते आणि ते नेमके कसे धावते, तिथेच सगळी माहिती दडलेली असते.

आता नळीची दोन टोके जोडा. मेदूवडा तयार! त्यावर दोन दिशांनी फिरता येते : भोकाभोवती किंवा वड्याच्या जाडीभोवती. यातली ‘काळाची’ दिशा कोणती, हे वड्याला माहीत नसते. त्यामुळे वळ्याच्या ऊर्जा-अवस्था कोणत्याही दिशेने मोजल्या तरी हिशेब जुळलाच पाहिजे. ही अट पाळणारी फलने मोजकी असतात आणि जे-फलन त्यांच्यातलेच.

इगोर फ्रेंकेल, जेम्स लेपोव्स्की आणि आर्ने मर्मन यांनी १९८४ मध्ये मॉन्स्टर हीच जिची सममिती आहे अशी रचना उभी केली. तिच्यातल्या अवस्था मोजल्या की १९६८८४, २१४९३७६० हेच आकडे येतात. (जे-फलनातला ७४४ हा स्थिरांक तेवढा बाजूला ठेवावा लागतो.) रिचर्ड बोर्चर्ड्स यांनी १९८६ मध्ये व्हर्टेक्स अल्जिब्राची व्याख्या दिली, १९९२ मध्ये मूनशाइनची सिद्धता प्रसिद्ध केली आणि १९९८ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले.

कुलाब्यात काय घडले?

याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही, पण व्हायला हवी. १९८८ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील समीर माथुर, सुनील मुखी आणि अशोक सेन यांनी प्रश्नच उलटा केला. एकेक थिअरी तयार करत बसण्यापेक्षा, मेदूवड्याच्या अटीतून शक्य त्या सगळ्या थिअरींची यादीच का काढू नये?

ज्या थिअरींची मोजणी फक्त दोन फलनांत मावते, त्या त्यांनी घेतल्या. ही फलने एका विकल समीकरणाची उत्तरे असतात. समीकरणात एक आकडा मोकळा राहतो. तो मनाला येईल तसा घेतला तर अवस्थांची संख्या अपूर्णांकात येते आणि अडीच अवस्था असणे शक्यच नाही! पूर्णांकाची ही साधी अट लावताच अगणित शक्यतांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. पुढे १९९६ मध्ये पिएर डेलीन्य यांना पूर्णपणे वेगळ्या वाटेने ली अल्जिब्रांची एक मालिका सापडली. कुलाब्याच्या यादीत तीच मालिका होती. मुखी यांनी पुढे पुण्याच्या ‘आयसर’मध्येही हे काम सुरू ठेवले.

मग यादी पूर्ण झाली का?

नाही. मॉन्स्टरची थिअरी ज्या वर्गात मोडते (‘सेंट्रल चार्ज’ २४), त्या वर्गासाठी बर्ट शेलेकेन्स यांनी १९९३ मध्ये ७१ शक्यता मांडल्या. त्यातल्या ७० शक्यतांसाठी प्रत्येकी एकच रचना आहे, हे आता सिद्ध झाले आहे. उरलेली एक मॉन्स्टरची. तिच्यासारखी दुसरी रचना नाही, असा अंदाज फ्रेंकेल, लेपोव्स्की आणि मर्मन यांनी १९८० च्या दशकातच मांडला होता. त्याची सिद्धता अजून कोणालाही देता आलेली नाही.