मंचावर चाललेला फोन

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी जगाला पहिला आयफोन दाखवला, तेव्हा तो फोन पुरता तयार झालेलाच नव्हता. आधी ईमेल पाठवून मग वेबसाइट उघडली तर चालायचं; क्रम उलटला की भरवसा नसायचा. काय कोणत्या क्रमाने केलं तर फोन बंद पडत नाही, हे अभियंत्यांनी धडपडून शोधलं होतं. त्या क्रमाला ते ‘सोनेरी वाट’ म्हणत. सिग्नल असो वा नसो, पडद्यावर पाचही रेघा दिसतील अशीही तजवीज होती. त्या रेघा सोडल्या तर प्रेक्षकांनी पाहिलं ते सगळं खरंच घडत होतं, पण त्याच एका क्रमाने!

मग जॉब्स नवनिर्माते होते की पट्टीचे जाहिरातदार? उत्तरासाठी फोनच्या पोटात शिरू या.

काचेखाली पारदर्शक, वीज वाहणाऱ्या पट्ट्यांची जाळी असते. तिच्या प्रत्येक छेदापाशी एक इवलंसं विद्युतक्षेत्र असतं. आपलं बोट जवळजवळ खाऱ्या पाण्यानेच भरलेलं. ते काचेला टेकलं की त्या क्षेत्रातला किंचित विद्युतभार बोटाकडे वळतो. कोणत्या छेदावर किती घट झाली हे मोजून फोन बोटाची जागा ठरवतो, सेकंदाला कित्येकदा. बोटाच्या स्पर्शावर चालणाऱ्या पडद्याची कल्पना इ. ए. जॉन्सन यांनी ब्रिटनमधल्या एका सरकारी रडार संशोधन केंद्रात १९६५ साली मांडली होती, विमान वाहतूक नियंत्रकांसाठी. एकाच वेळी अनेक बोटं ओळखण्याचं कसब अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात संशोधन करणाऱ्या वेन वेस्टरमन यांनी विकसित केलं. टंकलेखनाने त्यांचे हात दुखत, म्हणून त्यांना हलक्या स्पर्शावर भागवायचं होतं! त्यांची आणि प्राध्यापक जॉन इलायस यांची ‘फिंगरवर्क्स’ ही कंपनी अ‍ॅपलने २००५ साली विकत घेतली. बॅटरीमागे व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या शास्त्रज्ञांचं १९७० आणि ८०च्या दशकांतलं काम. त्यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

म्हणजे फोनमधल्या या गोष्टी इतरांनी शोधल्या. जॉब्सनी काय केलं, ते काचेच्या गोष्टीत दिसतं.

मंचावरच्या त्या फोनचा पडदा प्लॅस्टिकचा होता आणि खिशातल्या किल्ल्यांनी त्यावर ओरखडे उठत. काच हवी, असा हट्ट जॉब्सनी धरला. कॉर्निंग या कंपनीने १९६०च्या दशकात एक चिवट काच बनवली होती. काच तापलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवायची. तिच्या पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. त्या दाटीने पृष्ठभाग आवळला जातो आणि चिरा सहज पडत नाहीत. पुरेसे ग्राहक न मिळाल्याने ती काच बाजूला पडली होती. जॉब्सच्या तगाद्यामुळे काही महिन्यांत नव्या रूपातल्या या काचेचं उत्पादन सुरू झालं. जानेवारीत जगाला दिलेला शब्द जूनमध्ये पाळायचा होता. त्या जाहीर शब्दाने पैसा, माणसं आणि विस्मरणात गेलेलं ज्ञान एका जागी ओढून आणलं. गाजावाजा इथे निर्मितीचाच एक भाग होता.

आधी जाहीर शब्द, मग निर्मिती, हाच प्रयोग एलिझाबेथ होम्स यांनीही केला. २००३ साली, १९व्या वर्षी त्यांनी ‘थेरानोस’ ही कंपनी काढली. जॉब्ससारखाच काळा, उंच गळ्याचा पेहराव. रक्त तपासणाऱ्या यंत्राचं नाव ‘एडिसन’. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर ढीगभर चाचण्या करू, हा त्यांचा शब्द. कंपनीचं मूल्य ९ अब्ज डॉलरपर्यंत गेलं.

पण रक्त तगाद्याला बधत नाही. बोट टोचून, दाबून काढलेल्या थेंबात ऊतींमधला द्रव मिसळतो आणि पेशी फुटून त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं, त्यामुळे मोजमाप चुकतं. शिवाय जो पदार्थ रक्तात मुळातच विरळ, तो थेंबाच्या अंशात इतका थोडा येतो की आकड्यावर विसंबता येत नाही. बऱ्याचशा चाचण्या मग गुपचूप इतर कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांवर होत राहिल्या. २०१५ साली बातमीदार जॉन कॅरीरू यांनी हे उघडकीला आणलं. २०२२ साली गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल होम्स यांना ११ वर्षांहून अधिक कैद झाली.

मंचावर पाहून या दोघांतला फरक कळला नसता. तो कळायला २९ जून २००७ सारखा दिवस लागतो. त्या दिवशी आयफोन विक्रीला आला आणि सोनेरी वाट ठाऊक नसलेली माणसं तो हवा तसा, हव्या त्या क्रमाने वापरू लागली. फोन चालला. थेरानोसने आपलं यंत्र अशा परक्या हातांत कधी मोकळेपणाने दिलंच नाही. पुढचा कुणी उद्योजक मंचावर आला की त्याचं बोलणं जरूर ऐकावं; मात्र तो खाली उतरल्यावर ती वस्तू त्याच्यावाचून चालते का, एवढं पाहिल्याशिवाय त्याला द्रष्टा म्हणू नये.