शेकोट्यांच्या जागी उत्सव

ऑगस्ट लागला की पश्चिम बेलफास्टमध्ये 'फेले अन फबिल' भरते. या आयरिश नावाचा अर्थ 'लोकांचा उत्सव'. गाणी, नाटके, भित्तिचित्रे, आयरिश भाषेचे कार्यक्रम आणि रात्री फॉल्स पार्कातल्या मैफली असा त्याचा थाट असतो. उत्सव सुरू झाला १९८८ मध्ये. मात्र तो ऑगस्टमध्येच का भरतो, याचे उत्तर १९७१ मधल्या एका पहाटेत आहे.

९ ऑगस्ट १९७१ च्या पहाटे ब्रिटिश लष्कराने उत्तर आयर्लंडभर छापे घालून सुमारे साडेतीनशे जणांना उचलले. आरोपपत्र नाही, खटला नाही, थेट स्थानबद्धता. ब्रिटनपासून वेगळे होऊ पाहणाऱ्या आयआरएसारख्या (आयरिश रिपब्लिकन आर्मी) सशस्त्र संघटना होत्या, तशा ब्रिटनवादी प्रोटेस्टंटांच्याही होत्या, पण त्या दिवशी पकडलेले जवळपास सगळे कॅथलिक वस्त्यांतले होते. लष्कराच्या गाड्या शिरल्या की या वस्त्यांतल्या बायका कचऱ्याच्या डब्याचे पत्र्याचे झाकण घेऊन बाहेर येत आणि ते फरशीवर आपटत. खणखणाट एका गल्लीतून दुसरीत जाई. ज्याला पळायचे त्याला तेवढीच सवड मिळे. पुढे दरवर्षी ही झाकणे वाजवून आणि शेकोट्या पेटवून त्या पहाटेची आठवण जागवली जाऊ लागली. शेकोट्यांमागून दगडफेक आणि जाळपोळही येई.

मार्च १९८८ मध्ये जिब्राल्टरला ब्रिटिश कमांडोंनी आयआरएच्या तिघा निःशस्त्र सदस्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या दफनविधीवर एका ब्रिटननिष्ठ हल्लेखोराने बॉम्ब फेकले, गोळीबार केला; आणखी तिघे गेले. त्यांतल्या एकाच्या अंत्ययात्रेत मोटारीतून शिरलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने ओढून काढले आणि आयआरएने ठार केले. हे सारे दोन आठवड्यांत घडले आणि बरेचसे दूरचित्रवाणीवर दिसले. पश्चिम बेलफास्ट म्हणजे रानटी लोकांची वस्ती, हा शिक्का पक्का झाला. तो पुसण्यासाठी आणि पोरांना शेकोट्यांपासून दूर ठेवण्यासाठी तिथले तेव्हाचे खासदार जेरी अ‍ॅडम्स आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी उत्सव उभा केला. हेतूत राजकारण होतेच, ते कोणी लपवलेही नाही.

या उत्सवात वादचर्चांना मैफलींइतकाच मान आहे. विरोधी बाजूच्या नेत्यांना व्यासपीठावर बोलावले जाते आणि श्रोते त्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारतात. टीकाही जुनीच आहे: 'वुल्फ टोन्स' या गायकवृंदाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतून आयआरएच्या जयजयकाराच्या आरोळ्या उठत आल्या आहेत. आयआरएच्या बॉम्बस्फोटांत माणसे गमावलेल्यांना ते झोंबते, आणि 'पोरांची गंमत' म्हणून ते उडवून लावता येण्याजोगे नाही.

ऑगस्टची दुसरी आठवण बॅलिमर्फीची. स्थानबद्धतेच्या त्याच तीन दिवसांत, ९ ते ११ ऑगस्ट १९७१, या पश्चिम बेलफास्टमधल्या वस्तीत दहा नागरिक गोळ्यांना बळी पडले. त्यांत जखमीच्या मदतीला धावलेला एक पाद्री होता, आठ मुलांची आई होती. मृत बंदूकधारी होते, असे लष्कराने सांगितले. १९७२ च्या मृत्युचौकशीत काहीच निष्पन्न झाले नाही. याच काळात बॅलिमर्फीत असलेली पॅराशूट रेजिमेंटची पहिली बटालियन जानेवारी १९७२ मध्ये डेरी शहरात गेली. तिथे तिने निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर केलेल्या गोळीबाराची, म्हणजे 'रक्तरंजित रविवारा'ची चर्चा जगभर झाली, बॅलिमर्फी मागे पडली. नातेवाईकांनी मात्र ऑगस्टमधल्या मोर्चांतून, भित्तिचित्रांतून आणि सभांतून विषय धरून ठेवला. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडच्या महाधिवक्त्यांनी नव्याने मृत्युचौकशीचा आदेश दिला. प्रत्यक्ष सुनावणी सुरू व्हायला २०१८ उजाडले.

११ मे २०२१ रोजी न्यायमूर्ती शिवॉन कीगन यांनी दहाही जण पूर्णपणे निर्दोष होते, असा निर्णय दिला. नऊ जणांचा मृत्यू लष्कराच्या गोळ्यांनी झाला आणि त्या गोळीबाराचे समर्थन होऊ शकत नाही, हेही नोंदवले. मृत्युचौकशीला कोणाला शिक्षा करण्याचा अधिकार नसतो. तिने फक्त नावावरचा डाग पुसला. त्यासाठी पन्नास वर्षे लागली, आणि तोवर अनेक आईबाप निघून गेले होते. दोनच वर्षांनी ब्रिटिश संसदेने संघर्षकाळातील नव्या मृत्युचौकशांची वाटच बंद करणारा कायदा केला. उत्तर आयर्लंडमधल्या सगळ्या प्रमुख पक्षांनी त्याला विरोध केला. एरवी त्यांचे एकमत क्वचितच होते.

दहावा माणूस सुतार होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून लढताना त्याने एक हात गमावला होता. चर्चमध्ये काम करताना तो थोडा वेळ बाहेर येऊन उभा राहिला, तेव्हा त्याला गोळी लागली. मृत्यूचा तपास त्या वेळी कोणी नीट केलाच नव्हता. त्यामुळे ती गोळी कोणाची, हे न्यायालयालाही ठरवता आले नाही.