नाणेफेक, संगणक आणि तिसरी मुलगी

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा. संध्याकाळची ओपीडी संपत आली असताना लिंबायतहून एक कुटुंब आले. मूळचे खानदेशातील, दोन पिढ्या सुरतेत स्थिरावलेले. मुलीचे वडील यंत्रमागावर कामाला. सोबत आजी, सून आणि सुनेच्या कडेवर अकरा महिन्यांची तिसरी मुलगी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) मुलीचे वजन ६ किलो ४०० ग्रॅम भरले. या वयाला ते साडेआठ किलोंच्या आसपास असायला हवे, हे आपणा सर्वांना सांगायला नको. अंगावरचे दूध चार महिन्यांपूर्वीच तोडलेले होते. कारण विचारले तेव्हा सून खाली पाहत राहिली. उत्तर आजींनी दिले.

"डॉक्टरसाहेब, दूध चालू राहिलं तर दिवस कसे राहतील? तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार."

वडिलांनी त्याला क्रिकेटचा दाखला जोडला. "साहेब, आपली टीम ओळीने वीस टॉस हरली. एकविसावा तरी जिंकणारच ना? किती वेळा उलटं पडेल?"

मी माझ्या परीने समजावले, आहाराचा तक्ता दिला आणि पंधरा दिवसांनी बोलावले. पण ६ डिसेंबरला विशाखापट्टणम येथे के. एल. राहुलने डाव्या हाताने नाणे उडवले आणि भारताने नाणेफेक जिंकली! पुढच्या भेटीत वडिलांचा चेहरा विजयी होता. "बघा साहेब, मी म्हटलं नव्हतं?" तीस वर्षांच्या व्यवसायात मी अनेक युक्तिवादांत हरलो आहे, परंतु नाण्याकडून हरण्याची ही पहिलीच वेळ.

त्या रात्री अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याला शेजारी बसवून मी एक छोटा संगणकीय प्रोग्रॅम लिहिला. पायथॉन भाषेतील जेमतेम दहा-बारा ओळी. संगणकाने शून्य किंवा एक यांपैकी एक आकडा यदृच्छेने निवडायचा; एक म्हणजे छापा, शून्य म्हणजे काटा. शंभर फेकींचा एक डाव, असे दहा हजार डाव, आणि प्रत्येक डावात एकसारख्या निकालांची सर्वांत लांब मालिका किती, एवढेच मोजायचे. हाताने करायला आयुष्य अपुरे पडेल ते काम चहा गार होण्याआधी संपले.

आकडे पाहून मी चकित झालो. शंभर फेकींच्या दर शंभर डावांतील सुमारे ऐंशी डावांत सहा किंवा त्याहून अधिक छापे अथवा काटे सलग येतात. सात वा अधिकांची मालिका निम्म्याहून जास्त डावांत सापडते. सलग दहाची मालिकासुद्धा शंभरांपैकी आठ-नऊ डावांत दिसते. कागदावरचे गणितही हेच सांगते. परंतु गणित पटणे वेगळे आणि पडद्यावर ओळीने आठ काटे उमटताना पाहणे वेगळे. हंगेरीतील गणितशिक्षक तामाश वर्गा हे वर्गात एक गंमत करीत. अर्ध्या मुलांनी खरोखर नाणे उडवून निकाल लिहायचे, उरलेल्यांनी मनानेच खोटे निकाल रचायचे. खोटे कागद कोणते हे ते सहज ओळखीत, कारण मनाने लिहिणारा विद्यार्थी चारपेक्षा लांब मालिका लिहायला धजावत नाही. यदृच्छा म्हणजे आलटून पालटून, अशी आपल्या सर्वांचीच समजूत असते. आजींचीही तीच.

मग प्रोग्रॅमला दुसरा प्रश्न विचारला, आणि माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तोच होता. एक कोटी फेकी करायच्या. जिथे जिथे सलग दहा काटे आले तिथे थांबून अकराव्या फेकीत काय आले ते पाहायचे. अशा सुमारे ९,७०० जागा सापडतात. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी छापा, निम्म्या ठिकाणी काटा. आधीच्या दहांची कोणतीही उधारी नाणे फेडत नाही.

वीस नाणेफेकींच्या त्या प्रकरणाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून ही मालिका सुरू झाली. रोहित शर्मा, राहुल, शुभमन गिल असे कर्णधार बदलले, तरी नाणे बदलले नाही. मधल्या काळात, २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी भारताने एकही नाणेफेक न जिंकता पटकावली. ठरवून वीस वेळा हरण्याची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक, हा आकडा त्या दिवसांत सर्वत्र ऐकू येत होता. तो चूक नाही, पण अपुरा आहे. १९७१ पासून पुरुषांचे सुमारे पाच हजार एकदिवसीय सामने झाले आहेत. प्रत्येक सामन्यात दोन संघ, आणि मालिका हरण्याची असो वा जिंकण्याची, आपण चर्चा केलीच असती. एवढ्या साऱ्या फेकींत कुठेतरी, कोणत्यातरी संघाच्या वाट्याला वीसची मालिका येण्याची शक्यता शेकडा एकाच्या आसपास जाते. दुर्मिळ खरे, पण चमत्कार नव्हे. आपल्या ओपीडीत दुर्मिळ आजार दिसतो तेव्हा आपण तरी याहून वेगळे काय म्हणतो?

तीन मुलींची गोष्ट तर कितीतरी साधी. तीन अपत्यांच्या शंभर कुटुंबांपैकी अकरा-बारा कुटुंबांत, कुणीही काहीही न करता, तिन्ही मुलीच असणार. फ्रेंच गणिती लाप्लास याने १८१४ मध्ये लिहिलेल्या संभाव्यतेवरील निबंधात पुत्रप्राप्तीसाठी आतुर बापांचे वर्णन आहे. त्या महिन्यात गावात इतरांना मुलगे झाल्याचे ऐकले की ते अस्वस्थ होत. जणू मुलग्यांचा साठा संपत चालला आहे! दोनशे वर्षांनी लिंबायतमध्येही हिशेब तोच आहे. उलट, २०२५ साली अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून सुमारे ५८ हजार मातांची माहिती तपासली गेली, तेव्हा असे दिसले की प्रत्येक कुटुंबाचे नाणे कदाचित किंचित एका बाजूला झुकलेले असावे; सलग तीन मुली झालेल्या घरी चौथीही मुलगीच होण्याचा संभव थोडा अधिक. हा निष्कर्ष इतरत्र पडताळला जायला हवा. पण आजींच्या बाजूने तो नक्कीच नाही.

येथपर्यंत मी यदृच्छेचा वकील होतो. पण मित्रहो, त्याच प्रोग्रॅमने मला दुसरीही एक गोष्ट दाखवली, आणि ती या शहरात राहून न लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मालिका यदृच्छेची नाही, हे कधी ओळखायचे? हा प्रश्न प्रथम विचारणारा आपलाच व्यवसायबंधू होता. इंग्लंडच्या राणी ॲनचे वैद्य जॉन आर्बथनॉट यांनी १६२९ ते १७१० या ८२ वर्षांच्या लंडनमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या. प्रत्येक वर्षी मुलगे मुलींपेक्षा अधिक. सलग ८२ छापे! हे योगायोगाने घडणे अशक्य, असे त्यांनी दाखवले आणि त्यात ईश्वरी योजना पाहिली. आज आपण त्याला जीवशास्त्र म्हणतो: दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली.

२०११ च्या जनगणनेत सुरत जिल्ह्यात ० ते ६ वयोगटातील हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३५. गुजरातमधील हा नीचांक. आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव असलेल्या जळगाव जिल्ह्यात ८४२. तेव्हा नाक वर करण्याचा अधिकार कुणालाच नाही. मी संगणकाला निसर्गाचे नाणे दिले, १०५ विरुद्ध १०० असे झुकलेले, आणि एक लाख जन्मांचा एक डाव याप्रमाणे दहा हजार डाव खेळवले. लाखात मुली अपेक्षित ४८,७८० च्या आसपास. दहा हजारांपैकी एकाही डावात संख्या ४८ हजारांच्या खाली उतरली नाही. सुरतच्या प्रमाणाने ती ४५,५०० होते. रात्रभर यंत्र चालू ठेवले असते तरी ते तिथवर पोचले नसते. कामगार पुरुष बाहेरून येतात म्हणून असे, हे स्पष्टीकरण जिल्ह्याच्या एकूण ७८७ या प्रमाणासाठी ठीक आहे. रांगणाऱ्या मुलांना ते पुरत नाही. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि सोनोग्राफीची यंत्रे आपल्याच व्यवसायबंधूंच्या हाती होती.

जानेवारीत ते कुटुंब पुन्हा आले, तेव्हा दवाखान्यातील संगणकावर वडिलांना मी प्रोग्रॅम चालवून दाखवला. प्रथम ते हसले, नंतर खुर्ची पुढे ओढून स्वतः मालिका मोजू लागले. नऊ काटे सलग आले तेव्हा "आता छापा" म्हणाले. दहावाही काटाच आला. पुन्हा फिरवायला सांगितले, पुन्हा पैज लावली. सहा-सात वेळा झाल्यावर गप्प बसले. पटले असे ते म्हणाले नाहीत.

त्या दिवशी मुलीचे वजन ७ किलो १०० ग्रॅम भरले. अजून कमीच, पण खिचडीत तूप आणि शेंगदाण्याचे कूट पडू लागले होते. आजी औषधाच्या दुकानात गेल्या असताना सुनेने हळूच विचारले की तांबी कुठे बसवून मिळेल. वरच्या मजल्यावरील स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींच्या नावे मी चिठ्ठी लिहून दिली. तिने ती घडी करून मुलीच्या लसीकरणाच्या कार्डात ठेवली.